मला सावडीत घेतलं

"हौसाबाई, तुम्हाला डिप्रेशन आहे," पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सीव्हियर डिप्रेशन, आणि त्याच्यासोबत सायकोसिस."

मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडं बघत बसले होते. आमचे मालक मात्र खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, "मंग ऑपरेशन कशाचं करायचं, पोटाचं का डोक्याचं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशन नाही, काका. डिप्रेशन म्हणजे नुसतं दुःख नाही. दुःख झालं की माणूस रडतं, हलकं होतं. या आजारात मन हलायचंच थांबतं. आणि सायकोसिस म्हणजे जे नाही ते ऐकू येणं, जे नाही ते खरं वाटणं. यांना जे आवाज येतात ते यांना खरोखर ऐकू येतात. या सोंग करत नाहीत."

या सोंग करत नाहीत. एवढं वाक्य तेवढं माझ्या आत पोचलं. वर्षभर मी ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट बघत होते, आणि वाट बघतेय हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

ही नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही जुन्नर तालुक्यातले, निमगाव सावाचे. बागायत बरी, विहिरीला पाणी, एक मुलगा दत्ता, सून मंदा, घरात कशाला काही कमी नाही. मी हे मुद्दाम लिहिते, कारण लोक पहिलं हेच विचारायचे, "तुला काय कमी व्हतं गं?" काही कमी नव्हतं. मधुमेह झालेल्या माणसाला कुणी विचारतं का, तुला काय कमी होतं म्हणून?

आजार सुरू झाला तो कांद्याच्या लागणीत, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत. गावात माझ्या हाताला वेग होता. चौघीजणी एक वाफा उरकायच्या तोवर माझा दुसरा निम्मा व्हायचा. त्या पौषात मी सकाळी रोपाची जुडी हातात घेऊन वाफ्याच्या कडेला बसले आणि दुपारपर्यंत तशीच बसून राहिले. बाया म्हणाल्या, आक्काला ऊन लागलं. पौषात कसलं ऊन.

मग झोप गेली. मग भूक गेली. आणि मग विहिरीवरची मोटार बोलायला लागली. मोटार सुरू झाली की तिच्या घरघरीत माणसं बोलायची, आणि बोलायची ती माझ्याबद्दल. हिला खायला घालू नका. हिच्यामुळं घर खाली बसलंय. मोटार बंद केली की गप्प. मी एकदा जाऊन स्टार्टरचा फ्यूजच काढून टाकला. ऐन पाण्याच्या पाळीला. दत्ता ओरडला, "आई, तुला काय याड लागलंय का?" तो रागानं बोलला होता. घरात तो शब्द पहिल्यांदा आला तो असा.

अंगारे झाले, उतारे झाले. ओझरच्या विघ्नहराला नवस झाला. मी गणपतीला आजही जाते, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण देवाला हात जोडून झाले की डॉक्टरकडं जायला वर्ष घालवू नका, एवढंच सांगते. आम्ही वर्ष घालवलं. त्या वर्षात एकदा मी विहिरीच्या काठावर बसलेली मंदाला सापडले. तिनं मला धरून घरी आणलं, आणि तेव्हा कुठं पुण्याची गाडी ठरली.

पुण्यात महिनाभर दवाखान्यात होते. दोन तऱ्हेच्या गोळ्या. एक अँटीडिप्रेसंट, म्हणजे मनाची हालचाल परत सुरू करणारी. दुसरी अँटीसायकोटिक, म्हणजे ते आवाज बंद करणारी. तोंडाला कोरड पडायची, हात थरथरायचे. तीन आठवड्यांनी एका सकाळी मला चहा गोड लागला. मी नर्सला सांगितलं तर ती म्हणाली, "रोज तेवढीच साखर असते, मावशी." मग मी तिला काही समजावत बसले नाही.

घरी आले. गाल भरले, कामाला लागले. चार महिन्यांनी सगळे म्हणाले, आता बरी झाली की, आता कशाला गोळ्या, उगाच सवय लागायची. मलाही तेच वाटलं. बंद केल्या. ही आमची सगळ्यात मोठी चूक, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून, मायेनं केली. दोन महिन्यांत मोटार पुन्हा बोलायला लागली. याला रिलॅप्स म्हणतात, म्हणजे आजार उलटणं. आणि उलटलेला आजार पहिल्यापेक्षा जड असतो.

या खेपेला घरातली माणसं दमली होती. कुणीतरी एका ठिकाणाचं नाव सांगितलं, तिथं मला ठेवलं. नाव लिहीत नाही. तिथं कुणी मारलं नाही मला. पण पहिल्याच दिवशी उवांच्या नावाखाली केस कापले आणि सगळ्यांना एकाच मापाचा गाऊन चढवला. मी जन्मभर नऊवारी नेसलेली बाई. न्हाणीला आतून कडी नाही. जेवायला बोलवायचं तर टाळी वाजवायची, नावानं हाक नाही. दोन महिन्यांत "झोप लागली का" एवढं कुणी विचारलं नाही. मालक भेटायला आले तर मला आधी ओळखलंच नाही त्यांनी. मग ओळखलं, आणि गेटाबाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

पुण्याच्या त्याच डॉक्टरीणबाईंनी मग दुसरी जागा सांगितली. घोडेगावाकडून भीमाशंकरला जाताना शिनोलीच्या पुढं, रस्त्यापासून जरा आत. वीस-बावीस बायका, कौलारू लांबट इमारत, पुढं गेट, मागं अर्धा-पाऊण एकर मोकळी जमीन, आणि तारेच्या कुंपणापलीकडं भाताची खाचरं. तिथल्या मुख्य निर्मलाताई. मूळच्या नर्स. अंगानं बारीक, आवाज मोठा.

मी गाडीतून उतरले तसं त्यांनी माझ्याकडं पायापासून बघितलं आणि मालकांना विचारलं, "या नऊवारी नेसतात ना?"

"व्हय," मालक म्हणाले.

"मग हा गाऊन कुणी घातला?"

आत नेऊन त्यांनी कपाटातलं हिरवं लुगडं माझ्या हातात दिलं. मला नेसायला अर्धा तास लागला. ताई खोलीत पाठ करून उभ्या राहिल्या. माझ्यासारख्या अवस्थेतल्या बाईच्या हातात नऊ वार कापड द्यायला किती धाडस लागतं, हे मला पुष्कळ नंतर उमगलं. पहिले पंधरा दिवस त्या किंवा दुसरी कुणीतरी सतत माझ्या हाताच्या अंतरावर असायची. पण भाजी निवडत असायची, फणी करत असायची. पहारा म्हणून कधी बसली नाही.

तिथल्या न्हाणीला आतून कडी होती. गरज पडली तर बाहेरून उघडता येईल अशी, पण लावायची आपण. तुम्हाला वाटेल, ही म्हातारी कडीचं काय घेऊन बसलीय. दोन महिने कडीशिवाय अंघोळ करून बघा, मग सांगा.

सकाळी गोळी देताना ताई विचारायच्या, "आक्का, झोप कशी लागली?" आणि उत्तर येईपर्यंत उभ्या राहायच्या. मी पहिले कित्येक दिवस उत्तर दिलं नाही. त्या तेवढा वेळ थांबायच्या आणि म्हणायच्या, "बरं, उद्या सांगा." डॉक्टरीणबाई एकाआड एक गुरुवारी यायच्या. आधी आम्हाला एकेकीला भेटायच्या, मग घरच्यांना. इतर ठिकाणी उलटं असतं. घरचे सांगतात ही कशी आहे, आणि आपण भिंतीकडं बघत बसतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर लीला होती. पस्तिशीची असेल. आंबेगावच्या वरच्या अंगाची, डोंगरातल्या गावची. ती बोलायचीच नाही. तिला घरच्यांनी तीन वर्षांपूर्वी सोडलं होतं ते पुन्हा कुणी आलं नव्हतं. मी न बोलणारी आणि ती न बोलणारी, आमचं चांगलं जमलं.

पावसाळा लागला. आषाढात कुंपणापलीकडच्या खाचरांत आवणी सुरू झाली, म्हणजे भाताचं रोप उपटून चिखलात लावायचं काम. ती खाचरं ठकूबाईची. साठीची, काळीसावळी, तोंडानं फटकळ. शेजारची सगळी खाचरं लावून झाली, हिची तशीच. मी रोज तारेपाशी उभी राहून बघायची. शेतकऱ्याच्या बाईला दुसऱ्याच्या रानात वाळत चाललेलं रोप बघवत नाही.

एका सकाळी ती कुंपणाजवळ आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, रोप पिवळं पडाया लागलंय."

कितीतरी महिन्यांत मी आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य.

"डोळं हायेत मला," ठकूबाई म्हणाली. "हात न्हाईत. सून बाळंत झालीया, आन् माझ्या सावडीतल्या चार बाया तापानं आडव्या. रोप काय थांबतंय व्हय?"

सावड म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण शहरातल्या वाचणाऱ्यासाठी सांगते. आज मी तुमच्या रानात राबायचं, उद्या तुम्ही माझ्या. मजुरी नाही. दिवसाला दिवस. ज्याच्या रानात काम त्यानं जेवण द्यायचं आणि सगळ्यांनी एका ओळीत बसून खायचं. सावड न फेडणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नाही.

"आमी येतो की," मी म्हणाले. "आमच्याशी सावड धरा."

ठकूबाईनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागच्या इमारतीकडं. "सावड शाण्या माणसाशी धरत्यात, बाई," ती म्हणाली आणि चिखल तुडवत निघून गेली.

तिनं ते दुष्टपणानं म्हटलं नव्हतं. पण मला लागलं. आणि गंमत अशी की लागलं म्हणून बरं वाटलं. वर्षभर मला काही लागतच नव्हतं. दुसऱ्या सकाळी ताईंनी झोपेचं विचारलं तर मी तो सगळा प्रसंग सांगितला, आणि रागानं सांगितला. ताई ऐकत राहिल्या. "रागावलात," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा होता जसा मी पहिला नंबर आणलाय.

दोन दिवसांनी ठकूबाई गेटापाशी उभी. आत येईना. बाहेरूनच म्हणाली, "कितीजणी येताल? जेवायला घालीन पोटभर."

"सावड असंल तर येऊ," मी म्हणाले. "नुसत्या जेवणावर न्हाई."

"अगं माझी बाई, तुमी फेडून काय घेनार? तुमचं रान कुठंय?"

मी मागच्या मोकळ्या जमिनीकडं बोट केलं. "पौषात तिथं कांदा लावणार हाय मी."

शेजारी उभ्या ताईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं. मीही पहिल्यांदाच ऐकलं. ताई माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हो. लावणार आहे आमच्या आक्का."

ठकूबाईनं डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद सारखा केला. "बरं बाई. सावड तर सावड. दिवसाला दिवस."

तेवढ्यावर ताईंनी आम्हाला सोडलं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, जाऊ द्या, पण या गोळ्यांनी चक्कर येऊ शकते, म्हणून दोन तासांनी बसायचं, पाणी प्यायचं, आणि ज्यांना नको त्यांना आग्रह नाही. ताईंनी एकेकीला वेगळं विचारलं. मला धरून सहाजणी तयार झाल्या. त्यातली लीला लुगड्याचा काष्टा मारून थेट दारात येऊन उभी राहिली. ताई आमच्याबरोबर चिखलात उतरल्या. त्यांना काही येत नव्हतं, त्या दोनदा पडल्या.

आता माझी फजिती सांगते. मी देशावरची कांदेवाली. मी एकेक काडी घेतली, अंगठ्यानं दाबून खोल रोवली, सारखं अंतर ठेवून, दोरी लावल्यासारख्या ओळीत. मला वाटलं, बघा म्हणावं आता. ठकूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ए देशावरची, कांदं लावतीस काय गं? भात हाय त्ये. तीन-चार काड्या एका जागी, आन् नुसतं टेकवायचं. गाडतीस कशाला, काय मेलंय का त्ये?"

पलीकडच्या बांधावरच्या बाया खदखदा हसल्या. मी पण हसले. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

तेवढ्यात लीला माझ्याजवळ आली. तिनं माझ्या हातातली मूठ घेतली, तीन काड्या वेगळ्या काढल्या, माझी बोटं धरली आणि चिखलावर टेकवली. "आसं," ती म्हणाली.

ताई चिखलात बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. तीन वर्षांत लीलाचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आणि मग ती जी मागं मागं सरकत लावत सुटली, ती ठकूबाईच्याही पुढं गेली. तिचं बालपण खाचरातच गेलेलं. घरच्यांनी तिच्या फायलीत लिहून दिलं होतं, काही येत नाही.

दुपारी ठकूबाईनं तांदळाच्या भाकरी आणि काळ्या वाटाण्याचं कालवण आणलं. आम्ही बांधावर ओळीत बसलो. ती वाढून झाल्यावर जरा लांब जाऊन बसली. मी म्हणाले, "ठकूबाई, सावडीत लांब बसत्यात व्हय तुमच्यात?" ती कायतरी पुटपुटली, उठली आणि लीलाच्या शेजारी येऊन बसली. लीलाला ठसका लागला तेव्हा तिनं आपला तांब्या पुढं केला. लीला प्यायली. मग ठकूबाई त्याच तांब्यातून प्यायली.

दिवस मावळायच्या आत तिची खाचरं लावून झाली.

यानंतर मी भराभर सुधारले असं लिहिलं तर खोटं होईल. श्रावणात पंधरा दिवस पुन्हा अंथरूण धरलं. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. म्हणाल्या, "बरं होणं सरळ चढत नाही, आक्का. घाटासारखं असतं." पण आता मला एक काम होतं. मी ताईंकडून बी मागून घेतलं आणि कार्तिकात रोप टाकलं. लीला रोज पाणी घालायची. आता ती दिवसाला पाच-सात शब्द बोलायची, त्यातले निम्मे कोंबड्यांना.

दिवाळीला मालक आणि दत्ता आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "यांना आता घरी न्यायचा विचार करा." दत्ता खाली बघत होता. मग म्हणाला, "इथं बरी हाय ती. घरी आली आन् पुन्हा इहिरीवर गेली तर? ती म्हनती बरी हाय. पन तिच्या शब्दावर आमी भरवसा कसा ठेवायचा?"

तो वाईट मुलगा नाही. मी विहिरीच्या काठावर सापडले त्या दिवसापासून त्यानं भीती घेतली होती. पण माझ्या आजाराचा खरा घाव कुठला ते मला त्या दिवशी कळलं. गोळीनं आवाज जातात, झोप येते, भूक लागते. गेलेला शब्द गोळीनं परत येत नाही. मी बरी आहे हे मी सांगून चालणार नव्हतं. वेडी बाईही तेच सांगते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "तुमची भीती खरी आहे," एवढंच म्हणाल्या. ताईंनी मात्र दाराशी जाताना दोघांना सांगितलं, "पौषात आक्कांचा कांदा लावायचाय. त्या दिवशी या. मग बोलू."

पौष आला. रोप लावण्याजोगं झालं. मी ठकूबाईला कुंपणावरून सांगितलं, "सोमवारी लागण हाय." ती म्हणाली, "बरं." येते म्हणाली नाही. रविवारभर मी वाफ्याकडं चकरा मारत होते. नाही आली तर? गावात कुणी तिला नावं ठेवणार नव्हतं. वेड्यांची सावड बुडवली तर कोण विचारणार? ताईंना म्हणाले, "दत्ताला येऊ नको म्हणून कळवा." ताई म्हणाल्या, "आता ते एसटीत बसले असतील."

सोमवारी सकाळी आम्ही सहाजणी वाफ्याच्या कडेला रोपाच्या जुड्या मांडून बसलो. मालक आणि दत्ता ओट्यावर. आठ वाजले. गोळी घेतली. साडेआठ वाजले. रस्त्यावरून माणसं जात होती, नेहमीसारखी पलीकडच्या कडेनं.

मग गेट वाजलं. ठकूबाई पुढं, तिच्या मागं पाच बाया, हातात भाकरीचं फडकं नाही काही नाही, कारण जेवण आमच्याकडं. जे गेट तिनं आषाढात ओलांडलं नव्हतं ते तिनं ढकलून उघडलं आणि सरळ आत आली.

"उशीर झाला गं. या दोघी यायला भीत व्हत्या," तिनं मागच्यांकडं हात केला. "म्हनलं, त्यांनी माझं रोप लावलं तवा तुमी तापात पडला व्हता. आता गप चला. कुठं हाय तुमचा वाफा?"

लीला म्हणाली, "हितं."

ठकूबाई वाफ्यात बसली, चार काड्या एकदम घेतल्या आणि मातीवर टेकवल्या. काय सांगू तुम्हाला. मी आषाढापासून या एका क्षणासाठी जगत होते जणू.

"ए डोंगरातली," मी म्हणाले, "भात लावतीस काय गं? कांदा हाय त्यो. येक काडी, आन् दाबून. नुसता टेकवतीस कशाला, काय पाव्हणा आलाय का त्यो?"

ती वाफ्यातच मागं रेलून हसली. ओट्यावर बघितलं तर दत्ता उभा राहिला होता. ठकूबाईचं लक्ष मालकांकडं गेलं. "अवो पावणं, बघत काय उभं ऱ्हायलाय? पानी सोडा वाफ्याला. का देशावरच्या बाप्यांना तेबी येत न्हाई?"

मालकांनी धोतर खोचलं आणि वाफ्यात उतरले. जन्मभर आम्ही असंच केलं होतं, मी लावायची आणि ते पाणी वळवायचे. ताईंनी मागची मोटार सुरू केली. मालकांनी झटकन माझ्याकडं बघितलं. मी काडी लावत होते.

जेवण झाल्यावर बैठक झाली. त्या दिवशी डॉक्टरीणबाईही मुद्दाम आल्या होत्या. दत्तानं ठकूबाईला विचारलं, "मावशी, तुमी सावड धरली ती ताईंच्या शब्दावर ना?"

"ताई कोन? ती तर चिखलात पडत व्हती," ठकूबाई म्हणाली. "तुझ्या आईच्या शब्दावर धरली. म्हनली व्हती पौषात लावीन. लावला का न्हाई?"

मग मीच बोलले. म्हणाले, गोळ्या माझ्या मी घेईन, मंदानं मोजायच्या. कुणी बंद करा म्हणालं तरी डॉक्टर सांगत नाहीत तोवर बंद नाही. आणि मोटारीत कुणी बोलायला लागलं तर मी लपवणार नाही. त्याच दिवशी सांगेन.

"सांगशील?" मालकांनी विचारलं.

"सांगीन."

"बरं," ते म्हणाले. आणि ताईंना म्हणाले, "सामान बांधायला सांगा."

लीला गेटापर्यंत आली. तिचं घर काही तिला न्यायला आलं नाही, आजही नाही. पण पुढच्या आषाढापासून ती ठकूबाईच्या सावडीत कायमची आहे, आणि तिच्या दिवसाला दिवस मिळतो. तिथं राहून दुसऱ्या बायकांना आवणी शिकवते. मी वर्षातून दोनदा जाते. मला बघून म्हणते, "कांदेवाली आली."

तुमच्या घरचं कुणी अशा ठिकाणी ठेवायची वेळ आली तर लाजू नका. पण डोळे उघडे ठेवून जागा बघा. आधी न कळवता जा, जेवणाच्या वेळेला जा. माणसांना नावानं हाक मारतात का ऐका. न्हाणीची कडी बघा. आणि विचारा, हिला काय येतं हे तुम्ही कधी विचारलं का? निर्मलाताईंचा पगार किती आणि इमारत केवढी, मला माहीत नाही. त्यांनी माझं लुगडं परत दिलं, माझ्या उत्तराची वाट बघितली, आणि नसलेल्या रानात मी कांदा लावायचं म्हटलं तर "लावणार आहे" म्हणाल्या. उपचार याच्याहून वेगळा काय असतो?

घरी आले तरी गावानं मला लगेच घेतलं नाही. बाया बोलायच्या गोड, पण त्या साली लागणीला कुणी बोलावलं नाही. मी वाईट वाटून घेतलं नाही असं नाही. गोळ्या घेत राहिले, घरचं रान करत राहिले.

पुढल्या पौषात एका सकाळी शेजारची गंगूवहिनी दारात उभी राहिली. इकडचं तिकडचं बोलली, म्हशीचं बोलली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "आक्का, उद्या आमची लागण हाय. सावडीला येता का?"

मंदा चुलीपाशी थबकली. मी म्हणाले, "येते. पण माझी आठची गोळी असती. ती घेऊन मंग येते."

"या की मंग," गंगूवहिनी म्हणाली. "आमी काय वाफं घेऊन पळून चाललोय?"

दुसऱ्या दिवशी गोळी घेतली, पाणी प्यायले आणि गेले. त्यांच्या विहिरीवरची मोटार चालू होती. मी जुडी हातात घेतली, वाफ्यात बसले, पहिली काडी दाबली. कान देऊन ऐकलं. मोटार नुसती मोटारीसारखी वाजत होती.